प्रकल्प नोंदी: पाच मिनिटांचा सेट

६ जानेवारी

उद्दिष्ट: ओपन माइकवर (जिथे कुणीही नाव घालून मंचावर विनोद करू शकतं) उभं राहून स्वतः लिहिलेल्या विनोदांचा पाच मिनिटांचा सेट करायचा. फॉरवर्ड आलेले विनोद नाहीत, 'माझ्या एका मैत्रिणीचं असं झालं' म्हणून ढापलेला किस्सा नाही. मुदत जूनअखेर.

आज गंमत वाटलेल्या गोष्टींची यादी करायला बसले. अर्धं पान भरलं, त्यातल्या बहुतेक तक्रारीच निघाल्या. चालेल. तक्रार हा कच्चा माल म्हणून वाईट नाही; चिडलेला माणूस तपशील फार अचूक सांगतो.

यादीतून उरलेलं: लिफ्टमधला आरसा. 'पासवर्ड कमकुवत आहे' म्हणणारं यंत्र. आणि शोकसभेत थरथरलेलं मनगटावरचं घड्याळ.

शेवटचं खरोखर घडलेलं आहे. दोन मिनिटं मौन, सगळे उभे, आणि घड्याळाने मला शाबासकी दिली.

९ जानेवारी

घड्याळाचा पहिला खर्डा, जसा उतरला तसा:

"गेल्या वर्षी मी एक स्मार्टवॉच घेतलं. ते पावलं मोजतं, झोप मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं. शिवाय दर तासाला उभं राहायची आठवण करून देतं. तर झालं असं, की माझे काका वारले. त्यांच्या शोकसभेला मी गेले होते. तिथे सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळलं. तेवढ्यात माझ्या घड्याळावर 'अभिनंदन, आजचं उभं राहण्याचं लक्ष्य तुम्ही पूर्ण केलं' असा मेसेज आला."

घरी जेवणानंतर सांगायला ठीक. बिट म्हणून, म्हणजे मंचावर करायचा एक विनोदी तुकडा म्हणून, नाही. सेटअपचं काम एकच: ऐकणाऱ्याला एका दिशेने चालायला लावायचं. पंचने ती दिशा मोडायची. मग 'गेल्या वर्षी' कशाला? पावलं, झोप, ठोके कशाला? यातलं फक्त 'उभं राहायची आठवण' पुढे कामाला येतं, आणि तेच सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितलंय.

१४ जानेवारी

आजचा सगळा वेळ एका वाक्याच्या शेपटीवर गेला.

विनोदलेखनाबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे हा नियम सापडला: पंच शेवटी, आणि पंचमधला दगा देणारा शब्द अगदी शेवटी. कारण सरळ आहे. त्या शब्दावर हशा सुरू होतो आणि त्यानंतर तुम्ही बोलत राहिलात तर एकतर लोक तुमचं ऐकण्यासाठी हसू गिळतात, नाहीतर तुमचे शब्द हशात बुडतात. दोन्हीकडून तोटा.

नियम पटतो. अडचण मराठीची आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी ठाण मांडून बसतं. त्यात आपण कुणाचं बोलणं सांगताना आधी बोलणं आणि मग 'असं म्हणाला', 'असा मेसेज आला' लावतो. माझ्या खर्ड्यात दगा देणारा शब्द 'अभिनंदन' आहे. शोकसभेत न शोभणारा तोच. त्याच्यानंतर तब्बल अर्धं वाक्य शिल्लक आहे.

मग बोलताना आपण काय करतो ते कान देऊन ऐकायला लागले. लिहिताना सरळ वाक्य लिहिणारी माणसं बोलताना ते सर्रास उलटं करतात. 'आला एकदाचा तो.' 'काय करणार होते मी?' क्रियापद आधी उरकून नाव मागे टाकायची सोय बोलीत आहेच, लेखणी हातात घेतली की आपण ती विसरतो. निघालेले मार्ग:

बोलणाऱ्याचं नाव आधी. 'घड्याळ म्हणतं,' आणि मग त्याचं वाक्य. मागे 'असं' नको.

क्रियापदच गाळायचं. 'लक्ष्य पूर्ण.' यंत्रं तशीही क्रियापदाशिवाय बोलतात.

वाक्य प्रश्नाने फोडायचं. 'आमच्या घरातला सगळ्यात नियमित माणूस कोण? घड्याळ.'

नवा शेवट: "मनगट थरथरलं. बघते तर घड्याळ म्हणतंय: उभं राहण्याचं लक्ष्य पूर्ण. अभिनंदन."

'अभिनंदन' पहिल्यावरून शेवटी गेलं. एवढ्यासाठी संध्याकाळ गेली हे कुणाला सांगायची सोय नाही.

२२ जानेवारी

विनोद वहीत ठेवायचे की फोनमध्ये, यावर वेळ घालवला (म्हणजे लिहिणं टाळलं). त्या निमित्ताने अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियन फिलिस डिलर यांच्या कार्डांबद्दल वाचलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्यांचं विनोदांचं कपाट आहे: ५० हजारांहून अधिक कार्डं, विषयवार खणांत लावलेली. पहिल्यांदा क्लबच्या मंचावर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय ३७ होतं आणि घरी पाच मुलं होती. साल १९५५.

माझी कार्डं एका मुठीत मावतात. विषयवार लावायची गरज नाही.

३ फेब्रुवारी

ओपन माइकला नुसती बघायला गेले. विनोद ऐकण्यापेक्षा यंत्रणा बघितली.

यादीत नाव घालायचं. होस्ट नाव पुकारतो. एक मिनिट उरलं की मागून दिवा दाखवतात, आणि तो दिसूनही बोलत राहणाऱ्याबद्दल बाकीच्यांचं मत लगेच बनतं. वर गेल्यावर बहुतेक नवखे माइक स्टँडवरून काढतात आणि स्टँड तिथेच ठेवतात, मग पाच मिनिटं एका दांडीच्या आडून बोलतात. सरावलेले आधी स्टँड उचलून मागे ठेवतात. त्या दोन सेकंदांत प्रेक्षकांना कळतं की या माणसाला घाई नाही.

आणखी एक. ज्यांनी 'मी आज जरा नर्व्हस आहे' म्हणून सुरुवात केली त्यांना प्रेक्षकांनी सहानुभूती दिली. सहानुभूती आली की हशा गेला.

शेवटच्या तासाला समोर उरतात ते मुख्यतः आपली पाळी झालेले किंवा व्हायची असलेले कॉमिकच, म्हणजे मंचावर विनोद करणारेच. ते हसत नाहीत. 'चांगलं आहे' असं म्हणतात. तेही मान हलवून.

१७ फेब्रुवारी

पहिला सेट. स्टँड मागे ठेवला, दिवा दिसला तेव्हा थांबले. लिफ्टवर थोडं हसले. पासवर्डच्या कोट्यांवर 'आह्' आलं, हशा नाही. कोटीचं हे असंच असतं, ऐकणारा दाद देतो आणि वर दंडही करतो.

घड्याळाच्या बिटमध्ये पंच नेमका पडला, जागाही बरोबर होती, आणि खोली गप्प. पुढच्या रांगेतल्या एक बाई तर 'अरेरे' म्हणाल्या. मनापासून.

१९ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग ऐकलं. 'अरेरे' कुठून आलं ते दिसतं: 'माझे काका वारले' या वाक्यानंतर खोलीचा आवाजच बदलतो. खुर्च्यांची कुरकुर थांबते. तिथून पुढे ते माझ्याबरोबर शोकसभेत बसलेत, विनोदाच्या कार्यक्रमात नाहीत.

हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर जे लिहिलं त्यातल्या दोन गोष्टी इथे थेट लागू पडतात. एक, जिवंत व्यवहारात यंत्रासारखं काहीतरी घुसलं की आपण हसतो. माझं घड्याळ म्हणजे याचा शब्दशः नमुना. दुसरी, हसायचं तर मन क्षणभर बधिर व्हावं लागतं. कळवळा हा हसण्याचा शत्रू. मी पहिली गोष्ट आणली होती आणि काकांना आणून दुसरी घालवली.

पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये हेच वेगळ्या बाजूने मांडलं: काहीतरी मोडलं गेलं पाहिजे आणि त्याच वेळी ते निरुपद्रवी वाटलं पाहिजे. दोन्ही एकदम. अंतर वाढवलं की उपद्रव कमी होतो. नात्याचं अंतरही चालतं.

तेव्हा काका जिवंत. वारले ते 'ओळखीच्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ'. मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही. मग मी तिथे का? 'मला वाटलं वाढदिवस आहे' हे लिहून खोडलं, फारच सोयीचं आहे. 'मैत्रीण म्हणाली, एकटीला जायला कसंतरी वाटतं' हे ठेवलं. खरं वाटतं आणि मला थोडी बिनकामाची ठरवतं, म्हणजे हसणं माझ्यावर येतं, गेलेल्यांवर नाही.

२ मार्च

बदल कामाला आला. पंचवर हशा, आणि त्यामागे लगेच लावलेल्या टॅगवर (त्याच विनोदाला जोडलेल्या शेपटीवर) जास्त:

"जाता जाता माणूस माझ्या तब्येतीला हातभार लावून गेला."

टॅगला नवा सेटअप लागत नाही, म्हणून त्यासारखं स्वस्त काही नाही. फक्त पहिला हशा उतरायला लागल्यावर टाकायचा, पूर्ण विरल्यावर नाही. आज मी थोडी उशिरा टाकला.

८ मार्च

रेकॉर्डिंग मोजायला काहीतरी मापपट्टी हवी होती. भरताच्या नाट्यशास्त्रात तयारच आहे. हास्यरसात हसण्याचे सहा प्रकार: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिल्यात दात दिसत नाहीत, दुसऱ्यात जेमतेम दिसतात, आवाज तिसऱ्यापासून. शेवटापर्यंत डोळ्यांत पाणी, खांदे हलणं, कुशी धरणं.

दोन व्यावहारिक अडचणी. स्मित आणि हसित रेकॉर्डिंगमध्ये येतच नाहीत, त्यामुळे ज्या विनोदांना मी 'पडला' लिहिलंय त्यातले काही पडलेले नसतीलही. मंचावरून बघितलेले चेहरे वेगळे लिहून ठेवायला हवेत. दुसरी, भरताने हे प्रकार प्रकृतीप्रमाणे वाटलेत: पहिले दोन उत्तमांचे, मधले मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. मला प्रेक्षक अधमच हवेत.

तांत्रिक: फोन खिशात ठेवला की कापड घासल्याचा आवाज येतो. टेबलावर ठेवला की त्या टेबलावरचा एकच माणूस येतो, आणि तो मोठ्याने हसणारा असला तर मी घरी येऊन तासभर ग्रेट असते. मागच्या भिंतीजवळ, उंचावर ठेवणे.

२१ मार्च

मैत्रिणीला (नाटकात काम केलेली, बिटमध्ये शोकसभेला नेणारी हीच) बिट करून दाखवलं. ऐकून म्हणाली, "अगं, मौन पाळलं म्हणून सांगतेस कशाला? पाळ की."

म्हणजे अ‍ॅक्ट-आउट. सांगायचं नाही, करायचं. 'सगळे उभे राहिलो' म्हणायचं आणि खरंच मान खाली घालून गप्प उभं राहायचं. माइक पोटाशी. किती वेळ? तिचं म्हणणं, तुला नको होईल त्याच्या दुप्पट.

२९ मार्च

केलं. मान खाली घातली. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही नाही. मग कोपऱ्यातून एक खुसखुस. मग ती दाबायचा प्रयत्न करणाऱ्यांची खुसखुस. मी काहीही केलेलं नाही, शब्द नाही, तोंड वाकडं नाही, आणि खोली हळूहळू फुटत चाललीय. गप्प बसायला सांगितलेल्या माणसांना जे होतं तेच त्यांना होत होतं, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग मनगट किंचित हललं. नुसतं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पंच उच्चारायच्या आधीच हशा.

कागदावर या जागेला एक रिकामी ओळ आहे. टायमिंग हा शब्द आजवर मी वेगाशी जोडत होते. बहुतेक वेळा प्रश्न उलटा असतो, आपल्याला गप्प राहणं किती झेपतं.

११ एप्रिल

मौनाच्या मध्यात प्रेक्षकांतल्या एका गृहस्थांचा फोन वाजला. जोरात. ते ओशाळून खिसे चाचपायला लागले. मी मान वर केली नाही, तशीच खाली ठेवून म्हणाले,

"घ्या ना फोन. त्यांचाच असेल."

अतिहसित. टेबलावर हात आपटल्याचे आवाज आहेत रेकॉर्डिंगमध्ये. घड्याळाचा पंच त्यानंतर करण्यात अर्थच उरला नाही, तरी केला, नम्रपणे पडला.

(वाक्याच्या शेवटी क्रियापद होतं. कुणाची तक्रार आली नाही.)

१४ एप्रिल

ही ओळ लिखित सेटमध्ये कशी आणायची? मैत्रीण तयारच: "मी बसते ना मागे. मी वाजवते फोन."

१८ एप्रिल

वाजवला. हशा आला, पण विहसितच्या वर नाही. रेकॉर्डिंग नको, मला उभ्या उभ्याच कळलं: फोन वाजायच्या आधी माझं अंग त्याची वाट बघत होतं. खांदे तयार होते. त्या दिवशी प्रेक्षक त्या ओळीपेक्षाही या गोष्टीला हसले होते की ओळ आत्ता, त्यांच्यासमोर, त्यांच्यातल्या एकाच्या फोनमधून निघाली. ते पेरता येत नाही. निदान मला येत नाही, आणि आलं तरी दर वेळी फोन घेऊन एक साथीदार बसवायचा म्हणजे ते जादूचे प्रयोग झाले.

निर्णय: ओळ कार्डावर लिहून मागे ठेवली. फोन आपणहून वाजला तर आहेच. बाकी मौनात काय काय घडू शकतं त्याचा विचार करून ठेवला. खोकला: "बघा, कुणालातरी खरंच वाईट वाटलंय." उशिरा आलेला प्रेक्षक: "या. जवळचे पुढे बसा." म्हणजे तयारी ओळींची करायची आणि प्रसंग खोलीवर सोडायचा.

खोकल्याची ओळ मला फोनच्या ओळीइतकीच आवडते. कधी नव्हे ते लोकांना खोकला यावा अशी इच्छा आहे.

६ मे

आठवड्याच्या मधल्या दिवशीचा शो. मोठी खोली, तुरळक माणसं, प्रत्येक जण दुसऱ्यापासून दोन खुर्च्या लांब. शब्दही न बदलता तोच सेट, आणि घड्याळाला स्मित. होस्टने मध्यंतरात सगळ्यांना उठवून पुढच्या दोन रांगांत कोंबलं. पुढच्या कॉमिकला, जो माझ्यापेक्षा काही फार बरा नव्हता, हशा मिळाला.

रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधले १,२०० प्रसंग टिपले होते. विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचं हसणं त्यात २० टक्क्यांपर्यंतही जेमतेम. बाकी हसणं 'चल, भेटू' छापाच्या वाक्यांवर. माणूस एकटा असतो त्याच्या सुमारे ३० पट सोबतीत हसतो, हेही त्याचंच निरीक्षण. त्याच्या नोंदींत बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा जास्त हसतो. मंचावर बरोबर याच्या उलट करावं लागतं. बोलणाऱ्याने हसायचं नाही, आणि दोन खुर्च्या लांब बसलेल्या अनोळखी माणसांनी, ठरवून, फक्त विनोदावर हसायचं. ही मांडणीच मुळात अनैसर्गिक आहे.

पुढच्या वेळी लवकर जाऊन मागच्या खुर्च्या भिंतीला लावणे. लिहिण्याचा तो भाग नाही, पण सेटचा आहे.

१९ मे

पासवर्ड. कोट्या सगळ्या काढल्या. उरलं हे:

"मुलाचं नाव टाकलं. यंत्र म्हणतं: कमकुवत. जन्मतारीख टाकली. कमकुवत. लग्नाची तारीख टाकली. मध्यम. म्हटलं, तुला कुणी सांगितलं?"

पहिल्या दोहोंनी वाट पाडायची, तिसऱ्याने मोडायची. हे सगळेच करतात आणि सगळ्यांचंच चालतं. टॅग: "नवऱ्याने टाकली. चुकीचा पासवर्ड."

टॅग पंचपेक्षा बरा आहे. तेव्हा त्याला पुढे न्यायचा मोह झाला, पण 'मध्यम' नसेल तर त्याला आधारच नाही.

नवऱ्याला विचारलं, चालेल का? म्हणाला, "तारीख मला आठवते." सांग म्हटलं. महिना बरोबर होता.

२ जून

क्रम ठरवणे. सर्वमान्य पद्धत अशी की दोन नंबरचं बिट आधी, सगळ्यात जोरदार शेवटी, नवं आणि कच्चं मध्ये. त्या हिशोबाने घड्याळ शेवटी जायला हवं. पण मग कॉलबॅक कुठे करणार? आधी पेरलेलं नंतर अवचित उगवतं तेव्हा प्रेक्षकाला स्वतःच्या स्मरणशक्तीचंही कौतुक वाटतं, आणि ते माझ्या नावावर जमा होतं.

म्हणून: लिफ्ट (छोटं, ओळख करून देणारं), घड्याळ, पासवर्ड. पासवर्डच्या शेवटी खरा पासवर्ड एकदाचा आठवतो, मी आनंदाने उभी राहते, आणि मनगट हलतं. बोलायचं काहीच नाही. 'अभिनंदन' हा शब्द प्रेक्षकांनी आपल्या मनात म्हणायचा.

मध्यम ताकदीचं बिट शेवटी ठेवणं धोक्याचं आहे. करून बघणे.

१३ जून

करून बघितलं. मनगट हललं तेव्हा मागच्या टेबलावरून एका मुलीने 'अभिनंदन' असं मोठ्याने म्हटलं आणि मग सगळ्यांना फुटलं. क्रम कायम.

दिवा दिसायच्या आधी संपलं. पाच मिनिटांत बसतं, मौनासकट.

२७ जून

घड्याळाची पक्की प्रत, कार्डासाठी:

"माझं घड्याळ मला सारखं सांगत असतं: उभी राहा. (थांबा) एका शोकसभेला गेले होते. ओळखीच्यांच्या ओळखीचे. मी त्यांना पाहिलेलंही नाही. मैत्रीण म्हणाली, एकटीला कसंतरी वाटतं. म्हणून मग दोघींना वाटलं. (थांबा) दोन मिनिटं मौन. सगळे उभे. (मौन. झेपेल त्याच्या दुप्पट. खोकला, फोन, उशिरा आलेले: कार्डाची मागची बाजू) (मनगट) बघते तर घड्याळ म्हणतंय: उभं राहण्याचं लक्ष्य पूर्ण. अभिनंदन. (हशा उतरताना) जाता जाता माणूस माझ्या तब्येतीला हातभार लावून गेला."

'दोघींना वाटलं' ही ओळ कागदावर कधीच नव्हती. मे महिन्यात कधीतरी तोंडातून गेली आणि राहिली.

बाकी कामं: लिफ्टच्या बिटला अजूनही पंच नाही, नुसत्या निरीक्षणावर चाललंय. आरशात आपण स्वतःकडे बघतो आणि कुणी आत आलं की मजल्यांच्या आकड्यांकडे, इथपर्यंत लोक येतात, पुढे मी त्यांना कुठेच नेत नाही. दोन पर्याय लिहिलेत. गुरुवारच्या माइकवर दुसरा.